आधी अडथळा, मग ॲप: वर्गातल्या वेगवेगळ्या मुलांसाठी डिजिटल साधनं कशी वापरायची

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मराठी शाळांचे वर्ग बघा. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्या बिहार-उत्तर प्रदेशकडच्या कुटुंबांची मुलं घरी भोजपुरी बोलतात. शिरोळ, कागल, गडहिंग्लजच्या सीमेलगतच्या गावांत घरात कन्नड आणि शाळेत मराठी. चंदगडच्या पोरांची बोली कोकणीच्या जवळची. गळीत हंगाम लागला की बीडकडच्या ऊसतोड कामगारांची मुलं वर्गात येतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की निघून जातात. त्याच वर्गात एकाला फळ्यावरचं नीट दिसत नसतं, एकीला चौथीत येऊनही जोडाक्षर फुटत नसतं आणि एक जण सगळं दहा मिनिटांत संपवून शेजाऱ्याच्या खोड्या काढत बसलेला असतो.

एकच धडा एकाच पद्धतीनं शिकवून या सगळ्यांचं भागत नाही, हे शिक्षकांना कुणी सांगायला नको. अडचण वेळेची आहे. पट तीस-पस्तीसचा, त्यात द्विशिक्षकी शाळा असेल तर दोन-दोन इयत्ता एकत्र. डिजिटल साधनांचा खरा उपयोग इथं होतो: शिक्षकानं एकदा केलेलं काम पुन्हा पुन्हा वापरता येतं आणि एकाच धड्याला आत शिरायचे दोन-तीन रस्ते तयार होतात.

माझं ठाम मत आहे की ॲपपासून सुरुवात करू नये. ‘हे ॲप चांगलं आहे, वर्गात वापरूया’ असं म्हणून जे सुरू होतं ते पंधरा दिवसांत बंद पडतं. मूल नेमकं कुठं अडतंय ते आधी बघायचं आणि तेवढाच अडथळा दूर करणारं साधन निवडायचं. दुसरी गोष्ट, साधनामुळं मूल वर्गाच्या धड्यात यायला हवं. हातात फोन देऊन कोपऱ्यात बसवलेलं मूल वर्गाबाहेरच राहतं.

पहिली पायरी: आठवडाभर बघा आणि लिहा

एक साधी वही घ्या. ज्या चार-पाच मुलांची काळजी वाटते त्यांच्यासाठी प्रत्येकी एक पान. त्यावर तीन गोष्टी लिहायच्या: मूल काय करतं, कुठं थांबतं, थांबण्याचं कारण काय वाटतं. ‘अभ्यासात कच्ची’ असं लिहू नका, त्यातून पुढं काहीच करता येत नाही. ‘परिसर अभ्यासात तोंडी उत्तरं बरोबर देते, वहीत दोन ओळींच्या पुढं जात नाही’ असं लिहा. दुसरं वाक्य वाचलं की लगेच कळतं, पोरीला विषय समजलाय, अडलंय ते लिहिण्यात. तिला पुन्हा तोच व्हिडिओ दाखवून काही होणार नाही.

डोळे आणि कान आधी तपासून घ्या. मूल पुस्तक तोंडाजवळ नेतं का, फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत बघतं का, मागून हाक मारली तर वळतं का? आरोग्य तपासणीचं पथक शाळेत येईल तेव्हा या मुलांची नावं हातात तयार ठेवा. चष्म्यानं सुटणारा प्रश्न ॲपनं सोडवत बसू नये.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलं आहे आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही त्यात येते. एखाद्या मुलाबाबत तशी शंका आली तर एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ नावाचं मोफत ॲप आहे. त्यातली पहिली प्रश्नावली वर्गशिक्षकानं भरायची असते. मात्र ही फक्त चाळणी आहे, हे निदान नव्हे. पुढं गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी बोला. प्रमाणपत्राची वाट लांबची असते, म्हणून आठवीपर्यंत थांबू नका. दहावीला लेखनिक किंवा वाढीव वेळ हवा असेल तर ते कागद लागतातच.

दुसरी पायरी: हाताशी काय आहे ते बघा

एक अँड्रॉइड फोन, एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आणि लोकवर्गणीतून आलेला टीव्ही, एवढ्यावर पुढचं बहुतेक सगळं होतं. टीव्ही नसला तरी चालेल. शाळेसाठी वेगळं गूगल खातं काढा, घरच्या खात्यावर मुलांचं काही ठेवू नका.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो. त्यामुळं लागणारं सगळं आधी उतरवून ठेवायची सवय लावा. केंद्र संमेलनाला किंवा पंचायत समितीत गेलात की चांगली रेंज मिळते, तिथं आठवड्याचं उरकून घ्या. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमधले पाठ ॲपमध्येच साठवता येतात, स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या ऑनलाइन संग्रहातली पुस्तकं पीडीएफ म्हणून उतरतात. फोनमधला मराठी आवाजही उतरवून ठेवता येतो: सेटिंग्जमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच शोधा, भाषा मराठी निवडा, आवाजाची फाईल डाउनलोड करा आणि बोलण्याचा वेग थोडा कमी करा. हे एकदा केलं की वर्षभर पुरतं.

तिसरी पायरी: वाचनात अडणाऱ्यांसाठी धडा कानांना द्या

सर्वात जास्त मुलं इथं अडतात, म्हणून सर्वात जास्त वेळ इथं द्या. तिसरी-चौथीतलं मूल अक्षरं जुळवण्यात सगळी शक्ती घालवतं आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतं. मग विज्ञान, परिसर, गणिताची शाब्दिक उदाहरणं, सगळ्यातच मागं पडतं. वाचायला शिकवणं चालूच ठेवायचं, पण तोवर बाकीचे विषय थांबायला नकोत.

आधी पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपनं स्कॅन करून बघा. चांगला ऑडिओ किंवा व्हिडिओ मिळाला तर काम वाचलं. नाही मिळाला तर स्वतः करा. मला विचाराल तर शिक्षकाच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण सर्वात उत्तम. मुलांना तो आवाज ओळखीचा असतो, आणि कुठं थांबायचं, कशावर जोर द्यायचा हे यंत्रापेक्षा तुम्हाला चांगलं कळतं. फोनच्या रेकॉर्डरवर चार-पाच मिनिटांचे तुकडे करा. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून एक सोपा प्रश्न विचारा: ‘आता सांग, पाणी कुठं गेलं?’ फाईलला ‘चौथी परिसर पाठ 3 भाग 1’ असं सरळ नाव द्या, नाहीतर दिवाळीनंतर काहीच सापडत नाही. बऱ्याच घरांत अजून बटणांचा फोन असतो, पण त्यात मेमरी कार्ड बसतं आणि एमपीथ्री वाजतं. त्यामुळं फाईल एमपीथ्री करूनच द्या.

ऐकताना मुलाचं बोट पुस्तकातल्या ओळीवर फिरलं पाहिजे. नुसतं ऐकलं तर धडा कळेल, वाचन सुधारणार नाही. दोन वेळा बोट ठेवून ऐकायचं, तिसऱ्या वेळी स्पीकरसोबत मोठ्यानं म्हणायचं आणि मग एकच परिच्छेद स्वतः वाचायचा. पूर्ण पाठ वाचायचा आग्रह नको.

वेळच नसेल तर मजकूर फोनकडून वाचून घ्या. पानाचा फोटो गूगल लेन्सनं उघडला की मराठी मजकूर निवडता येतो आणि ऐकताही येतो. तो कॉपी करून गूगल डॉक्समध्ये ठेवला तर अक्षर मोठं करता येतं, वाक्यं सुटी करता येतात. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंग्जमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ चालू केलं की डॉक्समधला परिच्छेद फोन वाचून दाखवतो. पुस्तकाच्या पीडीएफमधून थेट कॉपी केलं तर बरेचदा विचित्र चिन्हं येतात, कारण ती जुन्या फाँटमध्ये असतात. म्हणून फोटोचा मार्ग बरा. लेन्सनं उचललेला मजकूर मुलांपुढं ठेवण्याआधी एकदा वाचाच. रफार, जोडाक्षरं आणि ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द हमखास चुकतात.

अक्षराच्या आकाराकडं फार लक्ष द्या. मराठीत ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक शिरोरेषेतल्या छोट्याशा फटीवर असतो. बारीक छपाईत ती फट दिसतच नाही आणि मूल ‘धर’चं ‘घर’ करतं. मोठ्या टाइपात, मुक्तासारख्या स्वच्छ फाँटमध्ये, दोन ओळींत भरपूर अंतर ठेवून तोच परिच्छेद छापून द्या. यातल्या काही चुका तेवढ्यानंच कमी होतात, आणि ज्या उरतात त्या खऱ्या वाचनातल्या अडचणी आहेत हे कळतं.

सरावासाठी स्टोरीवीव्हर फार उपयोगी आहे. प्रथम बुक्सनं 2015 मध्ये सुरू केलेल्या या संग्रहात मराठी गोष्टी चार पातळ्यांवर लावलेल्या आहेत. पुस्तकं मोफत उतरवता, छापता आणि बदलताही येतात. पाचवीतल्या मुलाला पहिल्या पातळीचं पुस्तक द्यायचं असेल तर चारचौघांत ‘पहिली पातळी’ म्हणू नका. ‘हे पहिलीच्या पोरांना वाचून दाखवायचंय, तयारी कर’ म्हणा. त्याला सरावही मिळतो आणि मानही राहतो.

चौथी पायरी: लिहिण्यात अडणाऱ्यांना बोलून लिहू द्या

जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर मराठी भाषा जोडा, माइकचं चिन्ह दाबा आणि मुलाला उत्तर बोलायला सांगा. इंटरनेट लागतं, एवढं लक्षात ठेवा. गोंगाटात हे जमत नाही, म्हणून व्हरांड्यात किंवा मधल्या सुट्टीत करा.

आपली पोरं ‘आमी काल शेतात गेलतो’ असं बोलतात आणि फोन ‘गेलतो’च्या जागी भलताच शब्द टाकतो. अशा वेळी मुलाला ‘नीट बोल’ म्हणू नका. त्याला सांगायचं होतं ते कागदावर येऊ द्या, मग दोघांनी मिळून पडद्यावर दुरुस्त करा. दुरुस्त झालेल्या उत्तरातली दोन वाक्यं मूल वहीत स्वतः लिहील, एवढंच हातानं. पुढच्या आठवड्यात तीन. पूर्णविराम-स्वल्पविराम फोन नीट देत नाही, ते मुलालाच देऊ द्या. त्यातून वाक्य कुठं संपतं याचं भान चांगलं येतं.

लिहिणं अजिबातच जमत नसेल तर उत्तराचं ध्वनिमुद्रण हेच उत्तर माना आणि आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत तसं लिहा.

पाचवी पायरी: घरची भाषा वेगळी असलेली मुलं

नव्यानं आलेलं भोजपुरी किंवा कन्नड बोलणारं मूल गप्प बसतं, म्हणून त्याला काही येत नाही असं समजू नका. येत असतं, फक्त मराठीत येत नसतं.

प्रत्येक पाठातले आठ-दहा महत्त्वाचे शब्द काढा. शब्द, चित्र आणि आवाज अशी एक स्लाइड करा. आवाज मात्र माणसाचाच घ्या: वरच्या वर्गातलं भावंड किंवा आई. गूगल ट्रान्सलेटमध्ये कन्नड तर आहेच, 2022 पासून भोजपुरी आणि कोकणी, 2024 पासून मारवाडीही आली आहे. शिक्षकाला अंदाज यायला ते पुरेसं आहे, पण मुलासमोर ठेवण्याआधी ती भाषा बोलणाऱ्या एखाद्या माणसाकडून तपासून घ्या. पालकांशी बोलताना ट्रान्सलेटचा संभाषणाचा पर्याय कन्नड-मराठी, हिंदी-मराठी चांगला चालतो. आईला पहिल्यांदा तिच्या भाषेत ‘तुमची मुलगी हुशार आहे’ असं ऐकू येतं, तेव्हा पुढच्या पालकसभेला ती नक्की येते.

स्टोरीवीव्हरवर एकच गोष्ट मराठी, हिंदी, कन्नड अशा अनेक भाषांत मिळते. आधी घरच्या भाषेत ऐकवा, मग मराठीत. गोष्ट आधीच माहीत असल्यामुळं मराठी शब्दांचा अर्थ मूल स्वतः लावतं.

कोल्हापूरला हे काही नवं नाही. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पण त्याच्या आधीच, 1901 पासून, वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी राहायला लागली होती. शिकायची इच्छा असलेल्या खेड्यातल्या मुलाला शहरात राहायची-जेवायची सोय नव्हती, तो अडथळा त्यांनी ओळखला होता.

सहावी पायरी: ऐकणं, बघणं, बोलणं

कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ शिक्षकाचं बोलणं पडद्यावर मराठीत लिहून दाखवतं. फोन मुलाच्या बाकावर, साधा वायरलेस कॉलर माइक शिक्षकाच्या गळ्याशी, असं केलं तरच नीट उमटतं. मुलाला वाचता येत असेल तरच याचा उपयोग, हेही ध्यानात घ्या. फळ्याकडं तोंड करून बोलायचं टाळा. कितीही चांगलं ॲप असलं तरी मूल तुमचे ओठ आणि चेहरा वाचतच असतं. मूल खुणांची भाषा वापरत असेल तर भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा 10,000 शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश मोफत आहे. पाठातले पाच शब्द रोज सगळ्या वर्गाला खुणांनी शिकवा. त्या मुलाशी बोलायला फक्त शिक्षकच नव्हे, सगळी पोरं शिकतात, आणि फार पटकन शिकतात.

दृष्टिहीन मुलासाठी फोनवर टॉकबॅक आणि संगणकावर एनव्हीडीए ही दोन्ही मोफत स्क्रीन वाचकं, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी साधनं, मराठी वाचतात. एनव्हीडीएचा मराठी आवाज सुरुवातीला यांत्रिक वाटतो, पण मुलं आठवड्यात सरावतात आणि आपल्याला झेपणार नाही इतक्या वेगानं ऐकायला लागतात. छापील वाचता न येणाऱ्यांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय 2016 पासून आहे, त्यासाठी सभासद व्हावं लागतं. अशा मुलांसाठी पुस्तकाचं ऐकता येण्यासारखं रूप तयार करायला 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं परवानगी दिली आहे, त्यामुळं निर्धास्त राहा. अंशतः दिसणाऱ्या मुलाला बरेचदा फक्त फोनचा कॅमेरा लागतो: फळ्याचा फोटो काढायचा आणि बोटांनी मोठा करून बघायचा. तेवढी परवानगी द्या.

बोलता न येणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत ॲप आहे. चित्रावर बोट ठेवलं की फोन मराठीत बोलतो. सुरुवातीला फक्त चार-पाच चित्रांवर काम करा: हवं, नको, पाणी, पुन्हा सांगा. ‘नको’ हे चित्र पहिल्या दिवसापासून असलंच पाहिजे. नकार देता आला की मुलाची चिडचिड कमी होते.

सातवी पायरी: सगळा वर्ग एकत्र

कोणतं साधन कुणाला हे ठरलं की तासिका बसवायची. पहिली दहा मिनिटं सगळ्यांना एकत्र: टीव्हीवर चित्र, प्रयोग किंवा गोष्ट. विज्ञान-गणितासाठी कोलोराडो विद्यापीठाचे, पडद्यावर करायचे ‘फेट’ प्रयोग वापरा, बरेच मराठीत आहेत आणि उतरवून ठेवले तर नेटशिवाय चालतात. मधली पंधरा मिनिटं गट: एक गट स्पीकरभोवती पुस्तकावर बोट ठेवून ऐकतोय, एक स्वतः वाचतोय, एक शिक्षकासोबत. लवकर संपवणाऱ्यांना पुढच्या पाठाचं ध्वनिमुद्रण करायला द्या. ते मन लावून वाचतात, आणि तुमचंही काम हलकं होतं.

शेवटी सगळ्यांना एकच प्रश्न. इथं प्लिकर्स हे ॲप वापरून बघा. प्रत्येक मुलाच्या हातात एक छापील कार्ड असतं. ते ज्या बाजूनं धरलं ते त्याचं उत्तर. तुम्ही एकाच फोनच्या कॅमेऱ्यानं वर्ग टिपता आणि कुणाचं काय चुकलं ते दिसतं. मुलांकडं फोन लागत नाही आणि शेजाऱ्याला कार्डावरून उत्तर कळत नाही. नावांच्या जागी हजेरी क्रमांक टाका.

एआय आणि मुलांची माहिती

चॅटजीपीटी किंवा जेमिनायला परिच्छेद देऊन ‘छोट्या वाक्यांत, तिसरीच्या मुलाला कळेल असं लिही’ म्हटलं तर कच्चा मसुदा मिळतो. मराठी बरेचदा भाषांतरित वाटतं, तथ्यंही चुकतात, म्हणून तुमची नजर फिरल्याशिवाय वर्गात नेऊ नका. मुलाचं नाव, आजार, प्रमाणपत्राचा फोटो तिथं कधीही टाकू नका.

व्हॉट्सॲपच्या पालक गटावर कुठल्याही मुलाच्या अडचणीबद्दल एक शब्दही लिहू नका, त्याच्या चुकलेल्या वाचनाचा व्हिडिओ तर नाहीच. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. ध्वनिमुद्रण किंवा फोटो ठेवायचे असतील तर पालकांना समोर बसवून कशासाठी ते सांगा आणि सही घ्या.

आठवी पायरी: उपयोग होतोय का ते बघा

तीन आठवड्यांनी पुन्हा तीच वही उघडा. मूल आधी जिथं थांबत होतं तिथं आता थांबतं का? ‘आवडीनं बघतो’ याला उपयोग म्हणू नका. काही फरक नसेल तर साधन बदला, किंवा अडथळा ओळखण्यातच गफलत झाली आहे का ते तपासा.

काही साधनं चष्म्यासारखी कायम लागणारी असतात, उदाहरणार्थ स्क्रीन वाचक किंवा जेलो. ती ‘आता सवय मोड’ म्हणून काढून घेऊ नका. बाकीची, म्हणजे ध्वनिमुद्रण, बोलून टायपिंग, शब्दांच्या स्लाइड, हळूहळू कमी करायची असतात. पाठातला शेवटचा परिच्छेद ध्वनिमुद्रणाशिवाय, मग शेवटचे दोन, असं.

ऊसतोडीची मुलं परत निघायच्या आधी शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतरित मुलाला पुढच्या शाळेत दाखवायला देतात ते कार्ड) त्यांच्या फाईली पालकांच्या मेमरी कार्डात भरून द्या. आपल्याच शाळेत वरच्या वर्गात जाणाऱ्या मुलाचं वहीतलं पान जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकाच्या हातात द्या. कोणतं साधन चाललं, आवाजाचा वेग किती ठेवला, अक्षर किती मोठं लागतं आणि कोणतं साधन का बंद केलं, हे सगळं त्यावर लिहिलेलं असू द्या.